किल्लेदारांच्या सहाशे चाळीस स्लिपा

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणकाच्या खोलीत जे गृहस्थ बसत, त्यांना सगळे किल्लेदार म्हणत. पाठीमागे म्हणताना हसत आणि तोंडावर म्हणताना हसू दाबत, एवढाच काय तो फरक. किल्लेदारांना मात्र तो किताब वाटे. कमरेच्या पट्ट्याला सात किल्ल्यांचा जुडगा लटकवून ते जिना चढू लागले की आवाज वरच्या मजल्यापर्यंत जाई. त्या सातांपैकी पाच किल्ल्यांची कुलपे केव्हाच भंगारात गेली होती. पण उरलेल्या दोन वाजून वाजून किती वाजणार?

वय बावन्न. अंगाने बारीक, मान ताठ, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहण्याची सवय. ही सवय शाळेतली. चौथीत असताना बाईंनी त्यांच्याकडे खडूच्या कपाटाची किल्ली दिली होती. मुलेच काय, खुद्द बाईसुद्धा खडू हवा असला की त्यांच्यापुढे हात करत, आणि हे महाशय खिसे चाचपत राहत, जणू किल्ली दुसऱ्या गावाहून यायची आहे. त्या वर्षी ते गणितात नापास झाले. खडू मात्र एकही कमी झाला नाही, कारण तो त्यांनी कुणाला धड दिलाच नाही. काही माणसांचे आयुष्य चौथीतच पूर्ण होते. पुढची वर्षे नुसती हजेरीची.

कचेरीत ते मुळात भांडारातले कारकून. पाइप, नट, वायसर मोजायचे आणि वहीत लिहायचे. संगणक आले तेव्हा त्या कोंदट खोलीत बसायला कुणी तयार होईना. मग समजले की मशीन तापू नये म्हणून तिथे एसी बसणार आहे. किल्लेदारांनी हात वर केला. विद्येची ओढ अशी कुणाला कशानेही लागते.

मोठे मशीन बसवायला एक तरुण इंजिनियर आला आणि चार दिवस राहिला. जाताना त्याने, फारशा लागणार नाहीत पण असू द्या, म्हणून चार ओळी सांगितल्या. किल्लेदारांनी बुटाच्या खोक्याच्या झाकणाचा तुकडा कापून त्यावर त्या उतरवल्या, वरून चिकटपट्टी लावली आणि तो पुठ्ठा कीबोर्डखाली सरकवला. पहिली ओळ कोणत्या फोल्डरला कोणाची परवानगी आहे ते दाखवायची. दुसरी परवानगी द्यायची. तिसरी मनाई करायची. चौथी मशीन बंद करून पुन्हा चालू करायची. अकरा वर्षांत ते पाचवी ओळ शिकले नाहीत. मशीनबरोबर एक जाडजूड पुस्तकही आले होते. ते खिडकीच्या झडपेला टेकू म्हणून लागले.

हीच कामे माउसने, चौकटीत बरोबरच्या खुणा करूनही होतात. पण माउस हे किल्लेदारांच्या मते पोरांचे खेळणे. ते काळा पडदा उघडत, त्यावर पांढरी अक्षरे टाइप करत, आणि पडदा दाराकडे वळवून ठेवत, म्हणजे येणाऱ्याला दुरूनच धाक बसावा. कुणी विचारलेच तर म्हणत, सगळे डोक्यात आहे. डोक्यात नव्हते, कीबोर्डखाली होते. पण ते उचलून पाहण्याचे धैर्य कोण करणार?

पहिले पाच महिने त्यांनी खरोखर काम केले. तक्रारी, पत्रे, रजेचे अर्ज, नकाशे, असे प्रत्येक खात्याने केलेले फोल्डर, आणि कुणी काय बघायचे, कुणी काय बदलायचे, हे एकेकाच्या नावाने मशीनला सांगायचे. मग फोन सुरू झाले. माझे उघडत नाही, तिचे उघडते, माझे का नाही. चहा निवून जाई. एके दिवशी वैतागून किल्लेदारांनी पुठ्ठ्यावरची दुसरी ओळ काढली, नावाच्या जागी सर्वजण लिहिले, परवानगीच्या जागी पूर्ण लिहिले, आणि प्रत्येक फोल्डरला ती एकेकदा लावून टाकली. फोन बंद. साऱ्या कचेरीला सारे खुले. किल्ला काय, चारी बाजूंनी मोकळे मैदान.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी किल्लेदारांच्या ध्यानात आले की आपल्याकडे आता कुणी फिरकतच नाही. दारात उभे राहून कुणी घसा खाकरत नाही. खडूच्या कपाटाचे दारच कुणी काढून नेले तर वर्गाच्या मॉनिटरला कोण विचारतो?

तेव्हा त्यांनी स्लिपा छापून घेतल्या. फिकट गुलाबी कागद, तीन रकाने: नाव, फोल्डर, कारण. खाली चौथा रकाना फक्त त्यांचा. ज्याला कुठलाही फोल्डर हवा असेल त्याने स्लिप भरायची, ती ट्रेमध्ये ठेवायची आणि दोन दिवस थांबायचे. दोन दिवसांनी किल्लेदार मंजूर असे लिहून सही करत आणि निरोप धाडत, झाले म्हणून. मशीनवर ते काहीही करत नसत, कारण करण्यासारखे काही शिल्लकच नव्हते. दार सताड उघडे, आणि माणसे मात्र दोन दिवस बाहेर ताटकळत. अशी दहा वर्षे गेली. घरी टीव्हीलाही त्यांनी असाच परवानगीचा नियम लावून ठेवला होता. बायको शेजारी बहिणीकडे जाऊन बघे आणि म्हणे, आता फ्रिजलाही अर्ज लावा म्हणजे तुमचं वजन वाढेल.

हे सोंग एकाच माणसाला ठाऊक होते. नकाशा विभागात एक बाई होत्या, त्यांना नकाशेबाई म्हणत. जमिनीखालून कुठला पाइप कुठे जातो, कुठल्या वळणावर चावी आहे, हे सगळे कागदी नकाशांवरून मशीनवर चढवायचे काम त्यांनी एकटीने दोन वर्षे केले होते. चावी म्हणजे रस्त्याखालचा तो व्हॉल्व्ह, ज्याने पाणी सोडतात नि बंद करतात. नकाशेबाईंनी एकदा स्लिप भरली आणि मंजुरी यायच्या आत सहज फोल्डर उघडून पाहिला, तर तो उघडला. दुसरा उघडून पाहिला, तोही उघडला. त्या काही बोलल्या नाहीत. स्लिपा भरत राहिल्या. वाद घालण्यापेक्षा तीन रकाने भरणे स्वस्त पडते, असा त्यांचा हिशेब. एका सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी खिडकीतले पुस्तकही मागून घेतले आणि त्या जागी लाकडाचा ठोकळा लावून दिला. किल्लेदार म्हणाले, न्या, वाचून कळणाऱ्यातलं नाही ते.

आता गोष्ट अशी की साहेब, म्हणजे कचेरीचे मुख्य अभियंता, महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते, आणि जाण्यापूर्वी त्यांनी नकाशे आणि संगणक मिळून एक विभाग करायचे ठरवले होते. त्याला विभागप्रमुख हवा होता. किल्लेदारांच्या मनात त्या जागेवर दुसरा कुणी असूच शकत नव्हता. त्यांनी पाटीसुद्धा करून आणली होती: काळ्या लाकडावर पांढरी अक्षरे, विभागप्रमुख. नाव घातले नव्हते. ते नंतर घालता येईल, अशी दूरदृष्टी. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या खणात होती आणि दिवसातून एकदा तरी ते ती बोटाने चाचपत.

निवडीसाठी गुरुवारी अकराला समिती यायची होती. तिचे पत्र सोमवारी आले. कोणत्या फोल्डरला कोणाची परवानगी आहे याची यादी सादर करावी. समिती ती नमुन्यादाखल मशीनवर पडताळून पाहील. यादीचे किल्लेदारांना काही वाटले नाही. स्लिपांवरून त्यांनी दोन दिवसांत सुरेख तक्ता केला, रेघा आखून, शिक्का मारून. पडताळून पाहील, या शब्दांपाशी मात्र त्यांचे घोडे पेंड खाऊ लागले. मशीन तर एकच ओळ दाखवणार: सर्वजण, पूर्ण. दहा वर्षे आणि सहाशे चाळीस स्लिपा, आणि आत हे.

विचार करून त्यांनी ठरवले की समिती बघून बघून काय बघेल? सगळ्यांत महत्त्वाचे नकाशे, तेच बघेल. तेवढा एक फोल्डर यादीसारखा करून टाकू. बुधवारी संध्याकाळी पाचनंतर, कचेरी पांगत असताना, त्यांनी पुठ्ठा बाहेर काढला. दुसऱ्या ओळीने अकरा जणांना एकेकाच्या नावाने परवानगी दिली. सर्वांत वर स्वतःचे नाव. मग राहिली ती जुनी, सर्वांना खुली असलेली ओळ. ती पुसायची कशी, हे पुठ्ठ्यावर नव्हते. पण तिसरी ओळ होती, मनाईची. किल्लेदारांनी सर्वांना पूर्ण मनाई लिहिली. त्यांची समजूत अशी की आधी सगळ्यांसाठी कुंपण, आणि कुंपणात अकरा फाटके. मशीनची रीत वेगळी असते. एकाच माणसाला एका ओळीने हो आणि दुसऱ्या ओळीने नाही म्हटले, तर ते नाही ऐकते. आणि सर्वांमध्ये ते अकराजणही येतात, हे पहिलीतले मूल सांगेल. पण सर्व म्हणजे बाकीचे, आपण सोडून, असा हिशेब ज्याने जन्मभर केला त्याला हे कोण सांगणार?

पडद्यावर उत्तर आले: यशस्वी एक, अयशस्वी शून्य. किल्लेदारांनी ते स्वतःचे प्रमाणपत्र असल्यासारखे दोनदा वाचले. फोल्डर उघडून पाहिला नाही. त्यात काय आहे हे पाहण्याची गरज त्यांना अकरा वर्षांत पडली नव्हती, ती आजच का पडावी? पावणेसहाची बस होती.

गुरुवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. सव्वादहाच्या सुमारास उताराच्या रस्त्यावर मोठा पाइप फुटला. पाणी दिव्याच्या खांबाएवढे उंच उडू लागले आणि खाली घरंगळत बालवाडीच्या पायऱ्या चढू लागले. शिक्षिकांनी मुलांना टेबलांवर बसवले. मुलांना मजा वाटत होती, शिक्षिकांना नाही.

चावीवाल्यांचे मुकादम, त्यांना सगळे मामा म्हणत, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटनिशी थेट नकाशा विभागात आले. गावातल्या निम्म्या चाव्या मामा पायाने चाचपून सांगत. ही एक मात्र गेल्या वर्षी रस्ता झाला तेव्हा डांबराखाली गेली होती. तिची जागा नकाशातच होती: कुठल्या कोपऱ्यापासून किती अंतर. कागदी नकाशे असते तर प्रश्न नव्हता. पण ते कपाट किल्लेदारांनीच एसीच्या जागेसाठी गोदामात हलवले होते आणि तिथे कसर लागून नकाशांची चाळण झाली होती.

नकाशेबाईंनी फोल्डर उघडायला घेतला. प्रवेश नाकारला, असे आले. पुन्हा केले, पुन्हा तेच. शेजारच्या मशीनवर तेच. त्या उठल्या आणि संगणकाच्या खोलीत गेल्या. मामा मागोमाग, जमिनीवर ओले ठसे उमटवत.

किल्लेदारांनी आधी ठशांकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"स्लिप भरलीत का?" त्यांनी विचारले.

नकाशेबाईंनी पाइप फुटल्याचे सांगितले, बालवाडीचे सांगितले. किल्लेदार म्हणाले, आजपासून सुरक्षा कडक केली आहे, पण तुमचे नाव यादीत आहे, तुमचे उघडायलाच हवे, तुम्ही नीट करत नसाल. मग नाकाने कांदे सोलत त्यांनी स्वतःच्या मशीनवर फोल्डर उघडला.

प्रवेश नाकारला.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. काळा पडदा उघडला. दुसरी ओळ टाइप केली, सर्वांना पूर्ण, तीच ती जुनी. मशीनने तीही नाकारली. पहिली ओळ टाइप केली. नाकारली. कपाळावर घाम आला, एसी असून. शेवटी कीबोर्ड जरा उचलून त्यांनी पुठ्ठा पाहिला, आणि दारात उभ्या असलेल्या मामांनीही तो पाहिला.

"ती काय, बुटाची पेटी?" मामा म्हणाले.

किल्लेदारांनी चौथी ओळ टाइप केली. मशीन बंद पडले, घरघरले आणि पुन्हा उठायला त्याने बारा मिनिटे घेतली. तेवढ्यात मामांचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा ते एवढेच म्हणाले, "बघताहेत." मशीन उठले. फोल्डर नाही उघडला. दाराला कुलूप लावून किल्ली आत फेकायची आणि मग दार धुवून काढायचे, तशातला प्रकार.

एवढ्यात साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर समिती. समितीत तिघे होते, पण बोलणाऱ्या एक बाईच होत्या, आखूड केसांच्या, हातात नुसती पेन्सिल. साहेबांनी काय चालले आहे ते विचारले. किल्लेदार म्हणाले, मशीनमध्ये बिघाड आहे, कंपनीच्या माणसाला बोलवावे लागेल, दोन दिवस लागतील. दोन दिवस हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका रुळला होता की पाण्यालाही त्यांनी तोच सांगितला.

नकाशेबाई मात्र तिथे नव्हत्या. त्या आपल्या टेबलाशी परतल्या होत्या आणि काळा पडदा उघडून बसल्या होत्या. काळा पडदा फक्त आपल्याच मशीनला आहे, असा किल्लेदारांचा समज होता. तो प्रत्येक मशीनला असतो. साहेब, समिती आणि किल्लेदार असे सगळे त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"त्याला हात लावू नका, तुम्हाला तो अधिकार नाही," किल्लेदार म्हणाले.

"हा फोल्डर पहिल्या दिवशी मी केला," नकाशेबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मशीन त्याची मालक मला समजतं. मालकाला आत नाही जाऊ दिलं, तरी नियम बदलायला ते अडवत नाही. तुमच्या खिडकीतल्या पुस्तकात आहे."

त्यांनी एकच ओळ टाइप केली. सर्वांवरची मनाई काढा, एवढाच तिचा अर्थ. किल्लेदारांच्या पुठ्ठ्यावर जी कधी नव्हती ती पाचवी ओळ. यशस्वी एक, अयशस्वी शून्य. फोल्डर उघडला, उताराच्या रस्त्याचा नकाशा पडद्यावर आला, आणि त्यांनी अंतरे वाचून दाखवली: बालवाडीच्या कुंपणाच्या कोपऱ्यापासून साडेअकरा मीटर, दिव्याच्या खांबापासून चार. मामांनी छापील कागदाची वाट पाहिली नाही. पेनने तळहातावर आकडे लिहिले आणि ते जिना उतरून गेले. डांबर फोडून पावणेबाराला पाणी थांबले. बालवाडीच्या दोन सतरंज्या भिजल्या, तेवढ्यावर निभावले.

किल्लेदारांना वाटले, संकट टळले. समितीच्या बाईंनी त्यांचा तक्ता मागितला, तेव्हा ते पुन्हा ताठ झाले आणि स्लिपांचा खोकाही त्यांनी आपण होऊन पुढे ठेवला, वर्षावार दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांचा. बाईंनी तो शांतपणे चाळला. मग म्हणाल्या, नकाशांचे आज पुरेसे झाले, आपण रजेच्या अर्जांचा फोल्डर पाहू. किल्लेदारांच्या तोंडचे पाणी पळाले. नकाशेबाईंनी पहिली ओळ टाइप केली. पडद्यावर एकच नोंद आली: सर्वजण, पूर्ण. तक्रारींचा पाहिला. सर्वजण, पूर्ण. पत्रांचाही तोच.

बाईंनी पेन्सिल खोक्यावर टेकवली.

"म्हणजे यांना आधीपासूनच सगळं उघडत होतं. मग या सहाशे चाळीस स्लिपांवर आपण नक्की काय केलंत?"

किल्लेदारांनी भिंतीकडे पाहिले. भिंतीवर काही लिहिलेले नव्हते.

"सही," ते म्हणाले.

कुणी हसले नाही, आणि तेच वाईट होते. दारातला एक शिपाई तेवढा पाणी आणतो म्हणून निघून गेला आणि पाणी न घेताच परत आला.

जागा नकाशेबाईंना मिळाली. किल्लेदारांना कुणी काढले नाही. अशा माणसांना काढण्यासाठीसुद्धा ते काहीतरी करत असावे लागतात. एसीच्या खोलीत खुर्ची तीच राहिली. जुडग्यातल्या किल्ल्या वाजतात, पण जरा कमी. नाव नसलेली पाटी त्यांनी नव्या विभागप्रमुखांना देऊ केली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. नकाशेबाईंनी सगळ्या फोल्डरांच्या परवानग्या आठवडाभर बसून नावावार लावल्या, आणि गुलाबी स्लिपांच्या कोऱ्या बाजूला फोनचे निरोप लिहायची सोय केली.

या नव्या यादीप्रमाणे नकाशांच्या फोल्डरला किल्लेदारांचे नाव नव्हते. ज्याने तो कधी उघडला नाही, त्याला कशाला हवा? पण किल्लेदारांना ते लागले. त्यांनी एक जपून ठेवलेली स्लिप काढली, तिन्ही रकाने भरले, कारणाच्या जागी कार्यालयीन असे लिहिले आणि ती नकाशेबाईंच्या टेबलावर ठेवून, मान ताठ करून निघून गेले. ते दारापर्यंत पोहोचायच्या आत बाईंनी त्यांना फक्त बघण्याची परवानगी दिली होती.

दोन दिवसांनी किल्लेदार पुन्हा आले. दारात उभे राहून त्यांनी घसा खाकरला.

"झालं का माझं?"

"परवाच झालं," नकाशेबाई म्हणाल्या. "तुम्ही इथेच होतात तेव्हा."

किल्लेदारांनी सदरा ओढून सरळ केला. मग खाली जाऊन त्यांनी बायकोला फोन केला आणि सांगितले की या कचेरीत आता शिस्त म्हणून उरलेली नाही.